पिशवी काढण्याआधी

(सोसायटीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



हळदीकुंकवाला असला विषय कोणी घेत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कमिटीतल्या वहिनी म्हणाल्या, "आरोग्यावर दोन शब्द बोला," आणि मला फक्त माझ्याच आरोग्यावर बोलता येतं. मागे उभ्या असलेल्या पुरुषमंडळींनी उठून जायची गरज नाही. दवाखान्यात फॉर्मवर सही करायला तुम्हीच असता.

तीन वर्षांपूर्वी आपली लिफ्ट दीड महिना बंद होती, आठवतंय? मी चौथ्या मजल्यावर राहते. दुसऱ्या मजल्यापर्यंतच मला धाप लागायची. एके दिवशी जिन्यात ए विंगमधल्या काकूंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, पांढरीफटक पडलीयेस!" तपासलं तर हिमोग्लोबिन ७.२. पाळी आठ-नऊ दिवस चालायची, ऑफिसात खुर्चीवर मी काळी ओढणी अंथरून बसायचे. चाळिशीत असंच असतं, अशी मीच माझी समजूत घालत होते. लिफ्ट चालू असती तर आणखी वर्षभर घातली असती. सोनोग्राफीत ८ सेंटीमीटरची गाठ निघाली. फायब्रॉइड.

ज्या डॉक्टरांना आधी दाखवलं त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला. "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका. उगाच पुढे कॅन्सर व्हायला नको." कॅन्सर म्हटल्यावर माणूस काय करतो? यांनी तारीखही घेतली. सासूबाई म्हणाल्या, सुटशील एकदाची. पण माझ्या आईची पिशवी चाळिशीतच काढली होती, अंडाशयांसकट. त्यानंतरचे तिचे घामाने भिजलेले पदर आणि पंचावन्नाव्या वर्षी साध्या पडण्याने मोडलेलं मनगट मी पाहिलंय. मी तारीख पुढे ढकलली.

त्याच सुमारास बीडच्या बातम्या मी पुन्हा नीट वाचल्या. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात. एका दिवसाचा खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. पाळीत काम थांबू नये म्हणून, आणि कॅन्सरची भीती घातली गेली म्हणून, तिशीच्या आतबाहेरच्या बायकांनी पिशव्या काढून घेतल्या. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिथल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली. मी काही ऊस तोडत नाही. पण मला सांगितलेलं वाक्य तेच होतं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय करायला लावला आणि कागदावर पिशवीचं चित्र काढलं. फायब्रॉइड म्हणजे स्नायूची साधी गाठ, कॅन्सर क्वचितच निघतो. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, पाळी गेल्यावर ती बहुधा आक्रसते. (पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर मात्र एक दिवसही थांबू नका.) गाठ कुठे आहे यावर उपाय ठरतो. पिशवीच्या आतल्या पोकळीत असेल तर खालूनच दुर्बीण घालून काढतात, पोटावर टाकाही पडत नाही. भिंतीत किंवा बाहेर असेल तर पोटाला तीन-चार छोटी छिद्रं पाडून नुसती गाठ काढता येते. मोठी गाठ बाहेर काढताना तुकडे करावे लागतात. त्यात लपलेला कॅन्सर असला तर तो पसरू शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला होता. तुकडे पिशवीसारख्या आवरणात करणार का, हे विचारून घ्या. ध्वनिलहरींच्या उष्णतेने गाठ जाळण्याची पद्धतही आहे, ती मोजक्याच ठिकाणी होते.

माझी गाठ भिंतीत होती आणि मला आता मूल नको होतं. म्हणून मी एम्बोलायझेशन निवडलं. १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉ. राव्हिना यांनी याची माहिती प्रसिद्ध केली. ऑपरेशनात रक्त कमी जावं म्हणून ते आधी गाठीची रक्तवाहिनी बंद करत, तर बऱ्याच बायकांना ऑपरेशनची गरजच उरली नाही! मांडीच्या किंवा मनगटाच्या शिरेतून बारीक नळी घालून वाळूसारखे कण सोडतात, गाठीचं रक्त तुटतं आणि ती सुकते. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांकडून हे नाव निघालंच नव्हतं.

पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. "काही दुखत नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिली रात्र बाळंतकळांसारखी गेली, चार दिवस ताप होता. दहाव्या दिवशी मी ऑफिसात होते. सहा महिन्यांनी गाठ ५ सेंटीमीटर, हिमोग्लोबिन ११.४. गाठ आहे अजून. पुन्हा वाढली तर पुन्हा उपचार लागेल, हे मला आधीच सांगितलं होतं.

माझ्या जाऊबाईंनी गेल्या वर्षी पिशवी काढली. त्यांना लहान-मोठ्या सात गाठी होत्या आणि पिशवीची भिंतही सुजलेली होती. दोन डॉक्टरांना विचारून, अंडाशयं ठेवून, दुर्बिणीतून काढली. त्या माझ्यापेक्षा लवकर बऱ्या झाल्या, आणि मला ते दर सणाला ऐकवतात.

माझी फाईल, एमआरआयसकट, घरी आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर या. बेल बिघडलीय, कडी वाजवा.