वादळ ओसरल्यानंतरची सेवा



३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीच या दोन तासांत ‘निसर्ग’ चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस रायगडचा किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. हवामान विभागाने आगाऊ सूचना दिली होती आणि किनाऱ्यावरील हजारो लोकांना शाळांत व पक्क्या इमारतींत हलविण्यात आले होते. त्यामुळे पुष्कळ प्राण वाचले. परंतु माणसे हलविता येतात, बागा हलविता येत नाहीत. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या त्या दोन तासांत आडव्या झाल्या.

अशा वेळी स्वयंसेवकांनी काय करावे, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

पहिली मदत बाहेरून येत नाही, ती शेजाऱ्याची असते. निसर्ग वादळाच्या वेळी तर कोरोनाच्या साथीमुळे प्रवासावर निर्बंध होते. रस्त्यांवर झाडे पडलेली, विजेचे खांब मोडलेले, दूरध्वनी बंद आणि वीज नसल्याने पाण्याचे पंपही बंद. ज्याच्या घरी कोयता व करवत होती, त्यानेच वाट मोकळी केली. पावसाळा तोंडावर होता, म्हणून छपराला प्रथम स्थान देणे प्राप्त होते. कौले, पत्रे, ताडपत्री आणि ती चढविणारे हात यांची त्या आठवड्यात सर्वांत अधिक गरज होती.

बाहेरून येणाऱ्या मदतीचा ओघ स्वभावतःच मोठ्या रस्त्याच्या कडेने वाहतो. रस्त्यालगतच्या गावात तीन वेळा धान्य पोहोचते आणि डोंगराआडच्या वस्तीत एकदाही पोहोचत नाही. यात कोणाच्या सद्‌हेतूचा दोष नाही, दोष माहितीच्या अभावाचा आहे. ग्रामपंचायतीत एक वही ठेवून कोणत्या वस्तीत किती घरे, कोणाचे छप्पर गेले, कोठे वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रिया आहेत याची नोंद केली, तर येणाऱ्या प्रत्येक गाडीला योग्य वाट दाखविता येते. गावातील शिक्षकाइतके हे काम दुसरा क्वचितच कोणी चांगले करू शकेल, कारण घरोघरची मुले त्याला ठाऊक असतात.

उत्साही स्वयंसेवकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पडलेले झाड हा बागायतदाराच्या नुकसानीचा पुरावा असतो. पंचनाम्यापूर्वी वाडी साफ केली, तर तो पुरावाच नाहीसा होतो. घरावरचे व वाटेवरचे झाड तत्काळ काढलेच पाहिजे, पण तेही मोजून, छायाचित्र घेऊन आणि शेजाऱ्याच्या साक्षीने. बाकीची झाडे तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांची पाहणी होईपर्यंत तशीच राहू द्यावीत, आणि ती पाहणी लवकर व्हावी यासाठी मोजणीला हात लावावा.

झाडे मोजण्याचे महत्त्व निसर्ग वादळाने चांगलेच शिकविले. शासनाने फळबागांच्या मदतीचा दर हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केला. तथापि कोकणातील वाडी हेक्टरात नव्हे, गुंठ्यांत मोजली जाते. पाच गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने सुमारे अडीच हजार रुपये मिळतात. वाडीत नारळाच्या सावलीत पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, मध्ये जायफळ अशी दाटी असते. क्षेत्रफळावरून तिचे मोल होत नाही. पुढे शासनाने नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला झाडामागे ५० रुपये असा दर ठरविला. समजा, त्याच पाच गुंठ्यांत ६० पोफळी आणि १० माड पडले, तर ही रक्कम साडेपाच हजार होते. गेलेल्या उत्पन्नाच्या मानाने ती अल्पच आहे. पण झाडांची बिनचूक मोजणी झाली असेल, तरच तीही हाती येते.

यानंतरचे काम दीर्घ आहे. नारळाची खोडे वाडीत कुजत राहिली, तर त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उरलेल्या माडांवर चढतो. म्हणून पंचनाम्यानंतर खोडे हलविण्याचे श्रमदान हे सफाईपेक्षा अधिक काही असते, त्यातून उभी झाडे वाचतात. वरची सावली गेल्यामुळे उरलेल्या पोफळीची खोडे उन्हाने भाजतात. त्यांना झावळ्या बांधाव्या लागतात, आणि नव्या रोपांना केळीची सावली द्यावी लागते. नवी पोफळ उत्पन्न देऊ लागण्यास पाच ते सात वर्षे जातात. तोवर बागायतदाराने काय खावे आणि सुपारी सोलून पोट भरणाऱ्या स्त्रियांनी कोठे जावे, हा वादळाचा खरा प्रश्न आहे. धान्याच्या पिशवीने तो सुटत नाही. तशात मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले.

या वर्षांत उपयोगी पडेल ती सेवा साधी आहे. खात्रीच्या मातृवृक्षांचे बियाणे घेऊन गावातच रोपवाटिका करणे, श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राचा व भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राचा सल्ला वाडीपर्यंत पोहोचविणे, रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेचे अर्ज भरून देणे, आणि वाडीतील मजुरी बुडालेल्यांची नावे कामाच्या यादीत आहेत की नाहीत हे पाहणे. या कामाला गर्दी लागत नाही, सातत्य लागते. वीस तरुणांनी एक दिवस येण्यापेक्षा दोघांनी दर महिन्याला येणे वाडीला अधिक मानवते.

ज्या पंचायतीच्या कपाटात आजच वस्त्यांची वही, करवती, दोर, ताडपत्र्या आणि करवत चालविणाऱ्यांची नावे आहेत, तिला पुढच्या वादळाच्या दिवशी पहिला प्रहर गोंधळात घालवावा लागणार नाही. मदतीची मुदत आठवड्यांत न मोजता, लावलेले रोप फळास येईपर्यंतच्या वर्षांत मोजली, तरच पुनर्वसन हा शब्द सार्थ होईल.