मोर्चात बाई, सातबाऱ्यावर कोण?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पर्यावरण चळवळीत आदिवासींचा ‘सहभाग’ या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे. या शब्दालाच माझी हरकत आहे. चळवळ दुसऱ्या कुणाची तरी होती आणि आदिवासी मागून तिच्यात आले, असं त्यातून वाटतं. आमच्या नंदुरबारकडे तसं झालेलं नाही.

१९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांसारखे भिल्ल कार्यकर्ते त्यात पुढे होते. प्रश्न होता लाटलेल्या जमिनींचा आणि मजुरीचा. बाया शिबिरांत बोलायला लागल्या, तेव्हा त्यांनी दारू आणि मारहाण हे विषय काढले. गावोगावी दारूची मडकी फोडली. म्हणजे जमिनीच्या लढ्यात घरातला प्रश्न बायांनी आणला.

पुढे नर्मदा. सरदार सरोवराच्या बुडितात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं आली. मणिबेली त्यातलं पहिलं. नर्मदेकाठच्या लढ्याने जागतिक बँकेला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९९३ मध्ये बँकेचं कर्ज थांबलं. १९९९ मध्ये डोमखेडीला लोक चढत्या पाण्यात उभे राहिले. मोर्चात, धरण्यात, पोलिसांच्या समोर बाया होत्याच. मुलांसाठी जीवनशाळाही याच गावांनी चालवल्या.

पण कागदावर काय आहे? १९७९ च्या नर्मदा लवादाने जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन ठरवली. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला. सज्ञान मुलीचं नावच नाही! विधवा, टाकलेली, माहेरी परत आलेली बाई कुणाच्या कुटुंबात मोजायची? शिवाय मोह, चारोळी, डिंक, चारा, नदीतली मासळी यांवर बाईचं निम्मं घर चालतं, त्याला सातबारा नसतो. ज्याला सातबारा नाही, त्याची भरपाई कुठून मिळणार?

पुनर्वसनासाठी १९९० मध्ये तळोद्याचं २७०० हेक्टर जंगल मोकळं केलं. जंगल तुटलं, आणि तिथे आधीपासून वनजमीन कसणारे आदिवासी ‘अतिक्रमणदार’ ठरले. एका आदिवासीचं पुनर्वसन दुसऱ्याच्या पोटावर आलं. धरणाचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले, २०१९ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत पाणी भरलं. गावं पाण्याखाली गेली, तरी हे प्रश्न संपले नाहीत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने एक दार उघडलं आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा. एकट्या बाईचं घर असेल तर तिच्या नावे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. २०१२ च्या दुरुस्तीनुसार वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी उपस्थिती लागते आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात. पण मजुरीवरून थकून आलेल्या बाईचा अंगठा रजिस्टरवर घेतला, एवढ्याने ग्रामसभा होत नाही.

म्हणून आपल्या गटांनी तीन कामं घ्यावीत. ग्रामसभेची वेळ बायांना विचारून ठरावी. सभा भिली-पावरीत चालावी. आणि प्रत्येक पट्ट्यावर बाईचं नाव आहे का, हे आपण स्वतः वाचून पाहावं. एकट्या बायांची यादी गावानेच करावी.

आदिवासी बाईने जंगल राखलं, असं आपण भाषणांत नेहमी म्हणतो. त्या जंगलाच्या कागदावर तिचं नाव नसेल, तर ते नुसतं कौतुक राहील. कौतुकाने चूल पेटत नाही, बायांनो.