कोरडें बंदर आणि आटता समुद्र

बंदर म्हटलें कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें गलबतें व धक्के येतात. परंतु ज्या देशाला महासागराचा किनाराच नाहीं, त्यानें काय करावें? १९९१ सालीं स्वतंत्र झालेल्या कझाकस्तानपुढें हाच प्रश्न होता. सरकारी नियोजन जाऊन खुली बाजारपेठ आली. पण सोव्हिएट अमदानींतील लोहमार्ग मुख्यतः रशियाच्या रोखानेंच आंखलेले होते.

त्या देशानें दोन दारांवर भर दिला. पूर्वेस, चीनच्या सरहद्दीवर, खोर्गोस येथें २०१५ सालीं कोरडें बंदर सुरू झालें. चिनी रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, कझाक रुळांची १५२०. फरक अवघा ८५ मिलिमीटरांचा. पण तेवढ्यासाठीं प्रत्येक कंटेनर यारीनें उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवावा लागतो. पश्चिमेस कास्पियनच्या कांठीं अक्ताऊ बंदर आहे. तेथून माल जहाजानें बाकूला व पुढें काळ्या समुद्राकडे जातो. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर मोठी चढाई केल्यावर, रशियाला टाळून जाणाऱ्या या वाटेचें मोल वाढलें.

मात्र कास्पियनची पातळी गेलीं कित्येक वर्षें खालीं जात आहे. पाणी उथळ झालें कीं जहाजांत माल कमी भरावा लागतो. तळ उपसण्याचा खर्च वाढतो. वाढत्या उष्म्यानें पाण्याची वाफ अधिक होते, हें एक कारण. दुसरें व्होल्गेचें. कास्पियनला नद्यांतून मिळणाऱ्या पाण्यापैकीं सुमारें चार-पंचमांश पाणी ही एकटी नदी आणते, आणि ती वाहते रशियांतून. रशियाला टाळून काढलेली वाट अशी रशियाच्याच पाण्यावर तरंगते आहे.