सहा तासांत निम्मे: न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टची नोकरी

(अमरावती येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ट्रॉम्बे नवे नाही. तिथले भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला टीएयू-१ हा उडीद १९८५ साली आला, टीएजी-२४ हा भुईमूग १९९१ साली. नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा, ‘ए’ अकोल्याचा. किरणोत्साराने घडवलेल्या वाणांचा संकर करून ही बियाणी तयार झाली आणि इथल्या रानात वर्षानुवर्षे पेरली गेली. पण त्याच घरातल्या बीएस्सी झालेल्या मुलाने किंवा मुलीने दवाखान्यात किरणोत्सारी औषधे हाताळायची नोकरी आहे असे सांगितले, की पहिला प्रश्न येतो, ‘असल्या कामात पोराले कायले धाडता?’

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी काम काय आहे ते पाहायला हवे.

एक्स-रेचे यंत्र बंद केले की किरण बंद होतात. न्यूक्लियर मेडिसिनमध्ये तसे बटणच नसते. किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शिरेत टोचतात, ते हाडांत, हृदयाच्या स्नायूत किंवा थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठते आणि तिथून निघणारे किरण गॅमा कॅमेरा टिपतो. सीटी स्कॅनमध्ये अवयवाचा आकार कळतो, इथे तो अवयव काम कसा करतो ते कळते. तेवढा वेळ किरणांचा उगम रुग्णाच्या शरीरातच असतो. त्याला टोचणारा, कॅमेऱ्याखाली झोपवणारा आणि प्रतिमा घेणारा माणूस म्हणजे टेक्नॉलॉजिस्ट. निदान लिहायचे काम डॉक्टरांचे, पण डॉक्टरांपुढे येणारी प्रतिमा भरवशाची आहे की नाही, हे याच्या हातावर ठरते.

त्याचा दिवस ‘हॉट लॅब’मध्ये सुरू होतो. शिशाच्या कवचात मॉलिब्डेनम-९९ असलेला जनरेटर ठेवलेला असतो. मॉलिब्डेनम ६६ तासांत निम्मे होते आणि त्यातून टेक्निशियम-९९एम तयार होत राहते. सलाइन सोडून हे टेक्निशियम वेगळे काढायचे. खात्यात याला ‘मिल्किंग’ म्हणतात आणि काम खरेच धार काढण्यासारखे आहे: एकदा काढली की जनरेटर पुन्हा पुरता भरायला जवळजवळ एक दिवस जातो. मग तपासणी. टेक्निशियमबरोबर मॉलिब्डेनम निसटून आले तर रुग्णाला फुकटचा जादा किरणोत्सार मिळतो, म्हणून दर मिलिक्युरी टेक्निशियममागे मॉलिब्डेनम ०.१५ मायक्रोक्युरीच्या वर चालत नाही. त्यानंतर हाडांसाठी एमडीपी, मूत्रपिंडासाठी डीटीपीए अशा किटमधल्या औषधाला टेक्निशियम बांधायचे आणि प्रत्येक सिरिंज डोस कॅलिब्रेटरवर मोजायची.

टेक्निशियम सहा तासांत निम्मे होते. सकाळी नऊला ८० मिलिक्युरी असेल तर दुपारी तीनला ४०, रात्री नऊला २०. हाडांच्या स्कॅनसाठी टोचल्यावर दोन-तीन तास थांबावे लागते. म्हणून रुग्णांची यादी नंबर लावल्याप्रमाणे चालत नाही. कोणाला कधी टोचायचे आणि कोणाला कधी कॅमेऱ्याखाली घ्यायचे, हा हिशेब आदल्या दिवशीच मांडलेला असतो. वलगावहून येणाऱ्या आजींची एसटी चुकली, तर त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेला डोस त्यांची वाट पाहत नाही.

पेट स्कॅनमध्ये तर घड्याळ आणखी घाईचे. तिथे फ्लोरीन-१८ लावलेली साखर, म्हणजे एफडीजी, वापरतात. ती ११० मिनिटांत निम्मी होते. रुग्ण उपाशी हवा, रक्तातली साखर तपासलेली हवी, आणि टोचल्यावर तासभर त्याने शांत पडून राहायचे, बोलायचेसुद्धा नाही, कारण वापरलेला स्नायू ती साखर ओढून घेतो आणि प्रतिमा फसवी येते. खर्रा-तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण विदर्भात कमी नाहीत. गाठ मानेत किंवा फुप्फुसात पसरली आहे का, हे पाहायला ही तपासणी लागते.

नोकऱ्या कुठे आहेत, हेही याच घड्याळातून कळते. समजा, नागपुरात १०० भाग एफडीजी भरली. दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीला पोचून टोचेपर्यंत तीन तास गेले, तर ३२ भाग उरतील. अकोल्याला पाच तास लागले, तर १५. मुंबईहून दहा तासांनी आली, तर दोनच्या आसपास. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता सुधारला, फ्लोरीन मात्र आपल्या वेळेनेच जाते. म्हणून पेटची कामे हे फ्लोरीन बनवणाऱ्या यंत्रापासून, म्हणजे सायक्लोट्रॉनपासून, काही तासांच्या अंतरातल्या शहरांत एकवटतात. जनरेटरचे तसे नाही. तो दोन दिवसांच्या प्रवासानंतरही कामाचा असतो, त्यामुळे गॅमा कॅमेरा जिल्ह्याच्या गावीही चालू शकतो. आठ दिवसांत निम्मे होणारे आयोडीन-१३१ आणि सुमारे पावणेसात दिवसांत निम्मे होणारे ल्युटेशियम-१७७ तर लांबचा प्रवास सहज सोसतात. थायरॉइडच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार म्हणून ती वापरतात. मोठा डोस दिलेला रुग्ण वेगळ्या खोलीत ठेवावा लागतो आणि त्याचे मलमूत्र टाकीत साठवून, किरणोत्सार ओसरल्यावरच सोडावे लागते. असे उपचार वाढले की टेक्नॉलॉजिस्टचे कामही वाढते.

भारतात या विद्येचे माहेर महाराष्ट्रातच आहे. ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. देशातले पहिले मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पहिले पेट स्कॅन २००२ मध्ये तिथेच आले. किरणोत्सारी औषधे पुरवणारी ‘ब्रिट’ ही संस्था वाशीला आहे. २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची, मॉलिब्डेनम बनवणारी जुनी अणुभट्टी बंद पडली आणि जगभर टेक्निशियमचा दुष्काळ पडला. मोजक्या अणुभट्ट्यांवर किती रुग्णालये अवलंबून आहेत, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

आता पात्रता. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, नियमांत बसणारे शिक्षण असल्याशिवाय या खात्यात टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नेमता येत नाही. सरळ वाटा दोन: विज्ञानाची पदवी आणि त्यावर या तंत्राची पदव्युत्तर पदविका किंवा पदवी, नाहीतर बारावी विज्ञाननंतर न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजीतली बीएस्सी. परळच्या सेंटरचा डीएमआरआयटी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम बीएस्सीनंतरचा आहे आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्थेशी जोडलेला आहे. टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स आणि चंदीगडचे पीजीआय इथे एमएस्सी होते. अमरावतीच्या विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेतून किंवा अकोल्याच्या एखाद्या कॉलेजातून भौतिक, रसायन वा जीवशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्याला पहिली वाट जवळची. अनुभव घेऊन आणि परीक्षा देऊन पुढे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर होता येते. हे पद प्रत्येक केंद्राला ठेवावेच लागते, म्हणून त्या प्रमाणपत्राला किंमत आहे. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानेही या पेशाला स्वतंत्र नाव दिले आहे.

पगाराचा अंदाज सरकारी श्रेणीवरून येतो. टाटा मेमोरियलमधले सायंटिफिक असिस्टंट ‘बी’ हे पद सातव्या वेतन आयोगाच्या सहाव्या स्तरावर, ३५,४०० रुपये मूळ वेतनाचे. ‘सी’ सातव्या स्तरावर, ४४,९०० चे. खासगीत आकडा शहर आणि अनुभव पाहून ठरतो. रुग्णालयाखेरीज सायक्लोट्रॉन केंद्रे आणि यंत्रे विकणाऱ्या कंपन्याही माणसे घेतात. पण घराजवळच नोकरी हवी असा हट्ट असेल, तर जागा थोड्या आहेत हे आधीच समजून घ्यावे.

राहिला घरच्यांचा प्रश्न. छातीवर किरणोत्साराची मात्रा नोंदवणारा टीएलडी बिल्ला लावायचा असतो आणि तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो. भारतात कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३०. आंतरराष्ट्रीय शिफारस एका वर्षात ५० पर्यंत जाऊ देते, आपला नियम त्याहून कडक आहे. स्त्री कर्मचाऱ्याने गरोदरपण कळवले की उरलेल्या काळात गर्भाला एक मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त पोचता कामा नये, म्हणून तिचे काम बदलतात. रुग्णापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा सुमारे चौथाईवर येते. त्यामुळे रुग्णाला सगळे समजावून सांगणे टोचण्याआधीच उरकायचे, अशी शिस्त असते. धोका हलगर्जीपणात आहे: सिरिंजवर कवच न चढवणे, सांडलेला थेंब न कळवणे, बिल्ला खुंटीला टांगून काम करणे.

प्रवेश घेताना कॉलेजला तीन गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रम एईआरबीच्या पात्रतेत बसतो का, गॅमा कॅमेरा आणि हॉट लॅब त्याच रुग्णालयात आहे का, आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष किती महिने तिथे काम करू देतात. ही उत्तरे लेखी घ्यावीत आणि मगच फी भरावी.