वयाची अट आणि संशोधनाची वाट
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लिखित मजकूर)



बुद्धीच्या देवतेसमोर उभे राहून संशोधनाविषयी बोलायचे, म्हणजे आमच्यासारख्या पदविकाधारक शासकीय कर्मचाऱ्याने जरा जास्तच धाडस केले, असे कोणी म्हणेल. आम्ही संशोधक नाही, डॉक्टरही नाही. पण एका विषयाशी आमचा रोजचा संबंध आहे, तो म्हणजे 'पात्रता'. आम्हा कचेरीतल्या माणसांचे अर्धे आयुष्य अर्जांच्या छाननीत जाते. अर्जदार किती हुशार आहे हे छाननीत कोणी पाहत नाही. जन्मतारीख, दाखले, शेवटची तारीख एवढे पाहायचे आणि शेरा मारायचा, पात्र किंवा अपात्र. ज्याला अपात्र शेरा मिळाला, त्याची हुशारी कोणापुढे जातच नाही. फाईल तिथेच बंद होते.

आज बोलायचे आहे ते याच शेऱ्याबद्दल. औषधे, रोग, लसी, पोषण अशा जैववैद्यकीय विषयांत संशोधन सुरू करणाऱ्या तरुणांना जी अनुदाने आणि अधिछात्रवृत्त्या मिळतात, त्यांच्या पात्रतेच्या अटी गेल्या वीसेक वर्षांत बऱ्याच ठिकाणी सैल झाल्या आहेत. हे योग्य झाले का, आणि त्यातून आपण काय घ्यायचे, एवढाच विषय आहे.

सुरुवात आपल्या इंदूरपासूनच करू. दुर्गाबाई भागवत इंदूरला जन्मल्या हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, यांचाही जन्म इंदूरचाच. त्या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला आणि कारण एकच होते, अर्जदार स्त्री आहे. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचे, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये! वर्षभराचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेचे दार मुलींसाठी उघडले. कमलाबाई नंतर केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद केली जाते. मायदेशी परतून त्यांनी नीरा, डाळी अशा सामान्य माणसाच्या आहारातल्या पदार्थांवर काम केले.

या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कमलाबाईंना कोणी गुण वाढवून दिले नाहीत की परीक्षा सोपी केली नाही. अट बदलली, एवढेच झाले. बाकीचे त्यांच्या कामाने केले.

आज 'स्त्री आहे म्हणून अपात्र' असे कोणी लिहीत नाही. पण तेच काम दुसरी एखादी अट मुकाट्याने करते, आणि ती अट म्हणजे वय. हिशेब करून पाहा. बारावी अठराव्या वर्षी, एम.एस्सी. तेविसाव्या वर्षी. मग प्रवेश परीक्षा, अधिछात्रवृत्ती आणि पाच-सहा वर्षांची पीएच.डी. काहीही न बिघडता सगळे झाले, तरी तिशी जवळ येते. त्यानंतर दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत उमेदवारी. स्वतःच्या कल्पनेवर, स्वतःच्या नावाने काम करण्यासाठी पहिले अनुदान मागायची वेळ येते ती त्यानंतर. आणि नेमकी हीच वर्षे आपल्या घरांत लग्नाची, बाळंतपणाची, सासू-सासऱ्यांच्या किंवा आई-वडिलांच्या आजारपणाची असतात. शिवाय वडील अकाली गेल्यामुळे चार वर्षे नोकरी करून मग शिकलेला मुलगा असतो, तालुक्याच्या गावातून उशिरा वाट सापडलेली मुलगी असते. बत्तीस वर्षांची मर्यादा असली की या सगळ्यांच्या फाईलवर एकच शेरा पडतो.

आपल्या देशात यावर दोन प्रकारचे उपाय झाले. पहिला म्हणजे सवलत. इन्स्पायर फॅकल्टी या केंद्रीय योजनेत वयाची मर्यादा ३२ ठेवून महिला, अनुसूचित जाती आणि जमाती यांना ५ वर्षांची सूट दिली गेली. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून खास महिला वैज्ञानिकांसाठी योजना आणली. संसारामुळे ज्यांच्या कामात खंड पडला त्यांना पुन्हा प्रयोगशाळेत येता यावे हा तिचा हेतू, आणि तिथे पुढे वयोमर्यादा थेट ५७ वर्षांपर्यंत नेली गेली.

दुसरा उपाय म्हणजे मोजपट्टीच बदलणे. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ साली 'इंडिया अलायन्स' सुरू केले. त्यांच्या पाच वर्षांच्या अधिछात्रवृत्त्यांना वयाची अट नाही. जन्मापासूनची वर्षे न मोजता पीएच.डी. नंतर संशोधनात किती वर्षे गेली ते पाहतात, आणि कारकिर्दीतला खंड विचारात घेतात. आम्हाला हा उपाय जास्त पटतो. चाळिसाव्या वर्षी पीएच.डी. झालेला माणूस संशोधनात तरुणच असतो. ज्याची परिस्थिती कोणत्याही प्रवर्गात बसत नाही, पण आयुष्याने ज्याला उशीर करायला लावला, त्यालाही या मोजपट्टीत जागा मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यास मंजुरी दिली. एकूण खर्च १५०० कोटी रुपये, त्यात १००० कोटी आपल्या सरकारचे आणि ५०० कोटी वेलकमचे. निरनिराळ्या प्रदेशांमधली तफावत कमी करणे हाही त्याचा एक उद्देश आहे, म्हणजे आपल्यासारख्या शहरांतल्या मुलांनी तिकडे लक्ष ठेवायला हवे.

आता अमेरिकेचे उदाहरण, कारण आपल्यातल्या कित्येकांची मुले-सुना तिथल्या प्रयोगशाळांत आहेत. तिथे या संशोधनाला सर्वांत मोठा सरकारी पैसा नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेकडून मिळतो. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षण, प्रशिक्षण, पूर्वीचे काम असे सगळे हिशेबात घेऊनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याचे प्रमाण गोऱ्या अर्जदारांपेक्षा १० टक्के अंकांनी कमी दिसले. २०१८ साली त्या संस्थेने बाळंतपणासाठी एक वर्षाची मुदतवाढ दिली. नवा संशोधक म्हणून मिळणारा दर्जा एरवी शेवटच्या पदवीपासून १० वर्षेच टिकतो. २०१९ साली 'वंचित पार्श्वभूमी'ची व्याख्या रुंद केली. उमेदवार कधी बेघर होता का, अनाथ किंवा निराधार म्हणून दुसऱ्या कुटुंबात वाढला का, शाळेत त्याला मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळत होते का, आई-वडिलांपैकी कोणी पदवीधर नव्हते का, तो ग्रामीण भागात वाढला का, असे निकष ठेवले. त्यातले दोन लागू झाले की तो पात्र ठरत असे. वर्ण कोणताही असला तरी चालत असे.

पण २०२५ साली तिथले सरकार बदलले आणि विविधतेसाठी असलेल्या अशा अनेक योजना बंद झाल्या. चालू अनुदानेही थांबली, प्रकरणे न्यायालयात गेली. एका परिपत्रकाने उघडलेले दार दुसऱ्या परिपत्रकाने बंद होते, हे आम्ही कचेरीत पाहतोच. म्हणून तिथे असलेल्या मुलांना एवढेच सांगा, की आपण कोणत्या योजनेत आहोत आणि तिची नागरिकत्वाची अट काय आहे हे नीट वाचून ठेवा. काही योजना फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना असतात, तर काही तात्पुरत्या व्हिसावरच्यांनाही खुल्या असतात.

आता दोन आक्षेप. पहिला नेहमीचा, अटी सैल केल्या की दर्जा घसरतो. मंडळी, पात्रता आणि निवड यांत फरक आहे. पात्रता म्हणजे मांडवात प्रवेश, निवड म्हणजे स्पर्धेतले बक्षीस. मांडवाचे दार रुंद केले म्हणून परीक्षक गुण वाढवून देत नाहीत. उलट जास्त लोक आत आले तर चांगले निवडायला परीक्षकांना वाव मिळतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जागा तेवढ्याच ठेवून नुसते अर्जदार वाढवले, तर रांग लांबते आणि निराशा वाढते. म्हणून अट सैल करताना पैसाही वाढायला हवा, आणि वेळेवर पोहोचायलाही हवा. अधिछात्रवृत्तीचे पैसे सहा-सहा महिने अडकले, तर ज्याच्या घरी आधार आहे तोच टिकतो. म्हणजे कागदावर रुंद केलेले दार व्यवहारात पुन्हा अरुंद होते.

आणखी एक गोष्ट घरातली म्हणून बोलतो, राग मानू नये. आपली बहुतेक घरे होळकरांच्या काळापासून इथे आहेत, आणि अनेकांकडे दोन-तीन पिढ्यांचे पदवीधर आहेत. वर सांगितलेल्या अमेरिकी निकषांवर आपली बरीच मुले वंचित ठरणार नाहीत. तेव्हा या विषयावर बोलताना 'आमच्या मुलांना काय मिळणार' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी विज्ञान शाखेत शिकत असेल, तर तिला या योजनांची नावे सांगणारे आपल्याशिवाय कोण आहे? माहिती हाही एक वारसाच असतो, आणि तो आपल्याकडे आहे.

शेवटी तीन सूचना, कार्यकारिणीने विचार करावा. एक, आपल्या गुणगौरव समारंभात टक्केवारीशिवाय एक सत्कार खंडानंतर पुन्हा शिक्षण सुरू करणाऱ्यांचा असावा, मग ती सूनबाई असो की चाळिशीतला गृहस्थ. दोन, मंडळाच्या शैक्षणिक मदतीच्या अर्जावर वयाची अट असेल तर ती काढून 'शिक्षणात किती वर्षे गेली' हा रकाना घालावा. तीन, महिन्यातून एक रविवार मंडळाच्या सभागृहात अर्ज भरण्यास मदत मिळावी. दाखले, प्रतिज्ञापत्रे, शेवटच्या तारखा या कामात आम्ही कचेरीतली चार-पाच मंडळी यायला तयार आहोत. मदत मागणारा मराठी असलाच पाहिजे, अशी अट मात्र नको.

घरच्यांना एवढीच विनंती, की तिशी उलटलेल्या मुलीने किंवा सुनेने 'पुन्हा प्रयोगशाळेत जावे म्हणते' असे म्हटले, तर 'आता या वयात?' हा शेरा निदान आपण तरी मारू नये. नियमांनी तो मारणे कमी केले आहे. आपण त्यांच्या मागे राहू नये.

 गणपती बाप्पा मोरया!