मंडईत नेलेली तोरणं



आज आमच्या बचत गटाच्या तोरणांबद्दल बोलते. रोवणी आटोपल्यावर हाताला थोडी सवड मिळाली, तेव्हा आम्ही दुसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याचं, म्हणजे क्रॉस स्टिचचं काम सुरू केलं. नक्षी आपल्याच भागातली घेतली. मधोमध मोर, दोन्ही बाजूंना वेल आणि खाली धानाच्या लोंब्या.

नवीन शिकणाऱ्यांसाठी आधी चार गोष्टी सांगते. कापडाची चौघडी घालून मध्य काढायचा आणि तिथूनच सुरुवात करायची, म्हणजे नक्षी एका बाजूला सरकत नाही. लडीच्या दोऱ्यात सहा पदर असतात, त्यातले दोनच सुईत ओवायचे. मागे गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांखाली दाबायचं. आणि सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला हवा, नाहीतर काम उठून दिसत नाही.

कापणी लागली तेव्हा काम थांबलं. धान कापून बोटं इतकी खरखरीत होतात की दोरा अडकतो. मग रात्री खोबरेल तेल चोळायचं, सकाळी साबणाने हात स्वच्छ धुवायचे, मगच कापड हातात घ्यायचं. एका ताईचं वेलीत एकच घर मोजायचं चुकलं. शेवटी वेल जुळेना, तेव्हा लक्षात आलं. तिने दोन संध्याकाळचं काम उसवलं आणि पुन्हा भरलं.

दिवाळीपर्यंत पाच तोरणं तयार झाली. भाऊबीजेनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, हे तुम्हाला सांगायला नको. लेकी माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरतं. वैनगंगेपलीकडे वडशाकडच्या एका गावच्या मंडईत आम्ही चौघी तोरणं घेऊन गेलो. शिंगाडे, ऊस आणि बांगड्यांच्या दुकानांशेजारी चादर अंथरून बसलो. पलीकडे दंडार सुरू होती. 150 रुपये भाव सांगितला. दोन तोरणं विकली गेली आणि आम्ही खूश झालो.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या मावशींनी तोरण उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "कितीक दिवस लागले वो बाई हे बनवाले?"

आम्ही चौघी एकमेकींकडे पाहत राहिलो. एकीलाही सांगता येईना.

रात्री नाटक पाहायला थांबलो. झाडीपट्टीच्या रंगभूमीची मोठी ख्याती आहे. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. नाटक पाहताना मनात आलं, या कलावंतांचा एका रात्रीचा मेहनताना आधी ठरलेला असतो. मग आमच्याच मेहनतीला मोल का नाही?

ब्रह्मपुरीला परतल्यावर वही काढली. एका तोरणात 2,400 फुल्या होत्या. घड्याळ लावून पाहिलं, तासाला साधारण 100 फुल्या होतात. म्हणजे 24 तास. आठ तासांचा दिवस धरला तर पूर्ण तीन दिवस. कापड आणि दोरा 40 रुपयांचा. 150 मधून 40 वजा केले, उरले 110. चोवीस तासांचे 110, म्हणजे तासाला पाच रुपयेही नाहीत.

एक घर चुकलं तर आम्ही दोन दिवसांचं काम उसवतो, मैत्रिणींनो. पण स्वतःचे तीन दिवस हिशेबात धरायचे राहिले, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कारण घरात बसून केलेल्या कामाला आपण 'रिकामपणाचं काम' म्हणतो.

आता गटात एक वही ठेवली आहे. सुई हातात घेतल्याची आणि ठेवल्याची वेळ त्यात लिहायची. जिला लिहिता येत नाही तिची लेक लिहिते. तासाला निदान 15 रुपये धरायचे असं ठरलं. तेही कमीच आहेत, पण सुरुवात झाली. त्या हिशेबाने तोरण 400 रुपयांचं होतं. बैठकीत एक काकू म्हणाल्या, "चारशेले मंडईत कोण घेते बाई?" त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून मोठं तोरण आता मागणी आली आणि आगाऊ पैसे मिळाले तरच करायचं. मंडईसाठी 600 फुल्यांची छोटी पिशवी करतोय. सहा तासांचे 90 आणि सामानाचे 10, मिळून 100 रुपये. आतापर्यंत सात पिशव्या झाल्या आहेत.

तुमच्या गटात पापड असो, लोणचं असो की शिवणकाम, सामानाच्या खर्चाखाली एक ओळ आणखी लिहा: 'माझे तास'. पुढच्या मंडईत कुणी मावशींनी विचारलं, तर उत्तर तयार असू द्या.