दिंडीची वही आणि गावाची वही
(शताब्दी सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)





मी कीर्तनकार नाही, प्रवचनकारही नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं नगरपालिकेच्या लेखा विभागात गेली. कमिटीनं सांगितलं, शताब्दीला तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हणालो, मला हिशेबाशिवाय दुसरं काही येत नाही. ते म्हणाले, मग हिशेबावरच बोला. म्हणून उभा आहे. कुणावर आरोप करायला उभा नाही, आणि मतं मागायला तर मुळीच नाही.

या सोहळ्याच्या निमित्तानं दिंडीच्या जुन्या वह्या मी चाळल्या. काहींची पानं वाळवीनं खाल्लीत, पण वाचता येतात. पूर्वी भिशी पैशात नव्हती, शिध्यात होती. कोणी पीठ आणलं, कोणी डाळ, कोणी नुसतं मीठ-मिरची, हे सगळं नावानिशी लिहिलंय. बैलांची वैरण, कंदिलाचं रॉकेल, घाटात लावलेली जादा बैलजोडी, पंढरपुरात उतरायच्या जागेचं भाडं, सगळं आहे. आणि प्रत्येक वर्षाच्या शेवटी एक ओळ आहे: हिशेब सर्वांसमक्ष वाचला, शिल्लक अमुक, सर्वांस मान्य.

माउली, आपली दिंडी शंभर वर्षं कशामुळे चालली? भक्तीमुळे, हे खरंच. पण गाडी ओढायला बैल लागतात, तसा भक्तीच्या जोडीला हिशेब लागतो. ज्या दिंडीत पैशावरून संशय आला ती दुभंगली, हे वाटेवर आपण पाहिलेलं आहे. आपली दुभंगली नाही, कारण वही झाकून ठेवली नाही. ज्यानं मूठभर मीठ दिलं त्यालाही विचारायचा हक्क होता, की बाबा, त्या मिठाचं काय झालं?

आता मी विचारतो, हाच हक्क आपण गावाच्या वहीबाबत वापरतो का?

आपल्या गावात ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. १९९२ साली ७३वी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली, आणि ग्रामसभेला देशाच्या घटनेत जागा मिळाली. गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. निवडून यावं लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, झेंडावंदन झालं की सभा, असं बहुतेक गावांत ठरलेलं. अंदाजपत्रक नमुना नंबर १ ला, रोकडवही नमुना ५ ला, घरांची कर आकारणी नमुना ८ ला. मागायचं ठाऊक असलं तर सगळं कागदावर असतं.

पण खरं सांगा, त्या सभेला आपण किती जण जात होतो? कोरम पुरा झाला नाही की सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग दहा-बारा माणसं बसून साऱ्या गावाचा निर्णय घेणार, आणि आपण पारावर बसून म्हणणार, "त्यांनी परस्पर केलं." परस्पर कसं? दार उघडं होतं. आपणच आत गेलो नाही.

पुढं काय झालं ते तुम्हांला माहीत आहे. २०१४ साली राज्य सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं धोरण घेतलं. आपलं गावही त्यात आलं. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी. कमानीवर नवा फलक लागला, फटाके वाजले. निधी वाढला, हेही खरं. रस्ते झाले, घंटागाडी आली. वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण त्या फटाक्यांच्या आवाजात एक गोष्ट गेली, ती कुणाला ऐकू आली नाही. ग्रामसभा गेली. नगरपंचायतीला सर्वसाधारण सभा असते, पण तिथं बोलणार नगरसेवक. तुम्ही-आम्ही फार तर मागं बसून ऐकणार. पूर्वी ज्या म्हातारीला उभं राहून "माझ्या आळीला पाणी का नाही?" असं विचारता येत होतं, तिला आता अर्ज लिहावा लागतो. आणि लिहिता येत नसेल तर?

म्हणून आता वही वाचायला शिकणं जास्त गरजेचं झालंय. अवघड नाही. दिंडीच्या वहीत जसं जमा आणि खर्च, तसंच तिथं.

जमेच्या बाजूला दोन प्रकारचा पैसा. एक आपला स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराची पावती. दुसरा वरून आलेला. वरून आलेला पैसा हवा तसा उधळता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी जे ठरवलं तेच घ्या. शंभर रुपये आले, तर त्यातले साठ बंधित. तीस पाण्यावर, तीस स्वच्छतेवर. उरलेले चाळीस गावच्या गरजेप्रमाणे, पण त्यातूनही पगार आणि कचेरीचा खर्च करायचा नाही.

मग पाण्याच्या मोटारीचं वीजबिल कशातून? वॉलमनचा पगार कशातून? टीसीएल पावडर, तुरटी, फुटलेली पाइप? हा रोजचा खर्च मुख्यतः आपल्या पाणीपट्टीतून निघायचा असतो. पाणीपट्टी थकली की वीजबिल थकतं. वीजबिल थकलं की जोड तुटतो. जोड तुटला की टँकर येतो. आणि टँकरचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा महाग. म्हणजे ज्यानं पट्टी बुडवली त्यानं स्वतःच्याच घागरीला भोक पाडलं. इलेक्शन आलं की "यंदा पट्टी माफ" असं कोणी म्हणालं, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा, दादा, मोटारीचं बिल कोण भरणार?

पट्टी हा शब्द वारकऱ्याला नवा नाही. इंग्रजी अमदानीत पंढरपूरची नगरपालिका यात्रेकरूंकडून यात्राकर घेत असे. त्याच काळात वारीत पटकीच्या साथी येत, वाटेत माणसं दगावत. घरून निघताना परत येऊ की नाही याचा भरवसा नसे. चांगलं पाणी, संडास, सफाई या गोष्टी कचेरीच्या कागदावरच्या वाटतात, पण वारकऱ्याच्या जिवाशी त्यांची गाठ आहे. हे आपल्या आधी एकानं ओळखलं होतं, गाडगेबाबांनी. दिवसा झाडू, रात्री कीर्तन. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधली ती गोरगरीब यात्रेकरूंच्या सोयीसाठी. पुढं २०००-०१ साली राज्यानं ग्रामस्वच्छतेचं अभियान सुरू केलं ते त्यांच्याच नावानं.

आता जरा अवघड बोलतो. राग मानू नका.

आपल्याला सगळ्यांना देवळापुढं मोठा सभामंडप हवा आहे. मलाही हवा आहे. गेल्या सभेत ठरलं की पुढाऱ्यांकडं तेवढंच मागायचं. मी त्या बैठकीत होतो आणि तिथंही हेच बोललो. खालच्या आळीचं गटार अजून उघडं आहे. त्या गटारावरून आपल्या दिंडीची पताका दर आषाढात जाते, तुळस घेतलेल्या माउली नाक दाबून जातात. पुढारी मंडपाला चटकन हो म्हणतो, कारण मंडपावर नावाची पाटी लागते. जमिनीखालच्या गटाराला पाटी लागत नाही. म्हणून ते काम कुणी आपणहून देत नाही, ते मागावं लागतं. मंडप आपण वर्गणीतून उभा करू. शंभर वर्षं शिधा गोळा करणाऱ्या गावाला ते जड नाही. पण गटार वर्गणीतून होत नाही. त्याला नगरपंचायतच लागते. मग एका मागणीला जागा असेल तर आपण कोणती मागावी?

कोणी म्हणेल, हे देवाच्या कामात राजकारण आणतात. माउली, समाजआरती आठवा. माउलींच्या पालखी सोहळ्यात तळावर सगळ्या दिंड्या गोलात उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकतात, तड लावतात. कुणाची हरवलेली वस्तू सापडली तर तीही तिथंच पुकारतात. उद्या किती वाजता निघायचं तेही तिथंच सांगतात. मगच आरती होते. याचा अर्थ काय? तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही. हैबतबाबांनी लावलेल्या शिस्तीतला हा सोहळा. ग्रामसभा म्हणजे दुसरं काय असतं?

आणि तक्रार कशी करायची हेही तिथं शिकायला मिळतं. तक्रार असणारी दिंडी दुसऱ्याच्या अंगावर धावून जात नाही. शिव्या देत नाही. सोहळा सोडून निघूनही जात नाही. आपल्या जागेवर उभी राहून टाळ वाजवते, आणि ऐकून घेईपर्यंत थांबत नाही.

हे जमलेली गावं महाराष्ट्रात आहेत. नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं, हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं त्या गावानं पैशाबरोबर पाण्याचाही ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, प्यायला किती लागेल, उरलं तर पीक कोणतं घ्यायचं, हे सगळ्यांसमोर ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं घ्यायची नाहीत, हे गावानं स्वतःवर घालून घेतलं. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव तर बहुमतावरही थांबत नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यानं कर भरणाऱ्याला दळण मोफत दिलं आणि वसुलीचा प्रश्न सोडवला. ही ग्रामपंचायतीची गावं आहेत, आपली नगरपंचायत, हे कबूल. पण वही उघडी ठेवायला नगर आणि ग्राम असा भेद कशाला पाहिजे?

म्हणून या शताब्दीच्या निमित्तानं दिंडीपुढं तीन गोष्टी ठेवतो.

पहिली. दरवर्षी नगरपंचायतीचं अंदाजपत्रक मंजूर झालं की त्याची प्रत मागून घ्यायची आणि एका एकादशीला हरिपाठानंतर देवळात मोठ्यानं वाचायची. जमा एवढी, खर्च एवढा, कोणत्या प्रभागात काय धरलंय. टीका नको, भाषण नको, नुसतं वाचायचं. प्रत मिळाली नाही तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे, साध्या अर्जावर मिळते.

दुसरी. कचेरीच्या फळ्यावर लागणाऱ्या नोटिसा दर आठवड्याला कोणीतरी वाचून यायच्या. करवाढ असो, विकास आराखड्यातलं आरक्षण असो, हरकत घ्यायला मुदत असते. मुदत गेली की मग मोर्चा काढून उपयोग होत नाही. कोणत्या जागेवर रस्ता, कोणत्या जागेवर मंडई, हे त्या नकाशात ठरतं. ज्या मैदानातून आपली दिंडी शंभर वर्षं प्रस्थान ठेवते, त्या मैदानावर उद्या कसला शिक्का पडेल, हे आपण बघायचं नाही तर कोणी? आपल्या तरुण टाळकऱ्यांनी हे काम वाटून घ्यावं. एकानं जाऊन मोबाइलवर फोटो काढला तरी झालं.

तिसरी. दिंडीत नाव असणाऱ्या प्रत्येकानं प्रस्थानाआधी आपली पट्टी भरून पावती घ्यायची. नगरसेवकाला प्रश्न विचारायच्या आधी आपली पावती खिशात असावी. मग आवाज आपोआप खणखणीत निघतो. आणि ज्याला खरोखर भरता येत नाही, त्या निराधार माउलीसाठी दिंडीनं पुढं यावं. आपल्या भिशीत तशी रीत आहेच. ज्याच्याजवळ नाही त्यालाही पंगतीत पान वाढलंच जातं.

एवढंच. पुढच्या शंभर वर्षांनी कोणीतरी आपल्याही वह्या चाळील. दिंडीच्या वहीत त्याला ती ओळ मिळेलच: हिशेब सर्वांसमक्ष वाचला. गावाच्या वहीतही ती मिळावी, ही पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना करतो आणि तुमची रजा घेतो.

रामकृष्ण हरी!